खंय, खय की खैं? बोलीतले संवाद लिहिताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही देवगडच्या आजीच्या गोष्टी लिहिताय. निवेदन प्रमाण मराठीत, आजीचं बोलणं मालवणीत. पुण्याच्या संपादकबाई म्हणतात, उच्चाराप्रमाणे शब्द इतके मोडलेत तर वाचक अडखळेल. गावचे काका म्हणतात, ह्यां आपल्यातलां वाटणाच नाय. शिवाय याच गोष्टी पुढे ऑडिओसाठी वाचल्या जाणार आहेत आणि वाचणारी मुलगी नागपूरची आहे. तर मग जसं कानावर पडतं तसंच लिहावं, की आवरतं घ्यावं? आणि ‘कुठे’साठीचा आजीचा शब्द ‘खंय’ लिहावा, ‘खय’ की ‘खैं’?

मी कुडाळचा. नाटकांच्या संहिता आणि दिवाळी अंकांची मुद्रितं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे हा वाद माझ्या टेबलावर दर पावसाळ्यात येतो. उत्तर जरा लांबेल.

पहिली गोष्ट म्हणजे, जसं ऐकू येतं तसं कुणीच लिहीत नाही. पुणेकरही नाही. ‘ज्ञान’ लिहितो आणि सगळे ‘द्न्यान’ म्हणतो. ‘सिंह’ लिहितो, तोंडातून ‘सिंव्ह’ निघतो. ‘संस्था’ची ‘सौंस्था’ होते, ‘ब्राह्मण’चा ‘ब्राम्हण’ होतो, ‘भाषा’ मधला ष जवळजवळ सगळेच श म्हणून उच्चारतात. ‘वहिनी’ ही शिवाजी पार्कातही ‘वैनी’च असते. ‘पाहिजे’ला भर सभेत ‘पायजे’ म्हणणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. आता तुमच्या गोष्टीत शाळामास्तर ‘वहिनी’ म्हणतात असं लिहिलंत आणि कोळीण ‘वैनी’ म्हणते असं लिहिलंत, तर उच्चार दोघांचा एकच. फरक फक्त कागदावर. त्या फरकातून वाचकाला एवढंच कळतं की लेखकाच्या लेखी कोळीण अडाणी आहे.

इंग्रजीत या प्रकाराला नाव आहे, ‘आय डायलेक्ट’. जॉर्ज फिलिप क्राप या अमेरिकन भाषाभ्यासकाने १९२५ मध्ये ते रूढ केलं. ‘सेज’ (म्हणतो) हा शब्द एस-ए-वाय-एस असा लिहितात. कादंबरीतल्या गावंढळ पात्राच्या तोंडी तोच एस-ई-झेड असा छापतात. उच्चारात काडीचा फरक नाही. डोळ्याला मात्र तो माणूस अशिक्षित दिसतो. बोली कानाची नसून डोळ्याची, असा क्रापचा टोमणा आहे. आपल्याकडे हे काम ऱ्हस्व-दीर्घावर भागतं. मराठी बोलताना इ-ई आणि उ-ऊ यांतला फरक आपण काटेकोर पाळतच नाही, तो बहुतांशी लेखनाचा नियम आहे. म्हणून खलाशाच्या तोंडी ‘आणि’ न लिहिता ‘आणी’ लिहिणं, किंवा ‘किती’चं ‘कीती’ करणं, यातून मालवणी उच्चाराचा कणही हाती लागत नाही. असं काही दिसलं की मी लाल शाईने सरळ परत प्रमाण करतो आणि समासात विचारतो, ‘पुण्यात कसं म्हणतात?’

तोच प्रश्न तुम्ही प्रत्येक बदललेल्या शब्दाला विचारा. पुण्यात, नागपुरातही तसंच म्हणत असतील, तर शब्दाला हात लावू नका. खरंच वेगळं असेल, तरच लिहा.

आता खरंच वेगळं काय आहे? इथे लोक उलट्या टोकापासून सुरुवात करतात. आधी व्यंजनं मोडतात आणि व्याकरण प्रमाणच ठेवतात. मालवणी बसलेली आहे ती व्याकरणात. ‘आंबो पिकलो, केळां पिकलां, चिंच पिकली’ एवढ्या तीन तुकड्यांत पुल्लिंगाचा ओ, नपुंसकलिंगाचा नाकातला आं आणि स्त्रीलिंगाची ई हे तिन्ही आले, आणि एकही अक्षर वाकडं झालं नाही. ‘माका, तुका, तेका’, ‘घराक गेलो’, ‘मी जातंय’, ‘तू खंय जातंस’, ‘ते म्हणतत’: ही रूपं आहेत, मोडलेले उच्चार नाहीत. ती जशीच्या तशी लिहायची. त्यांच्यात ‘सोपं करण्या’ला वाव नाही, कारण सोपं केलं की ती मालवणीच उरत नाही.

तुम्ही नमुन्याला पाठवलेल्या उताऱ्यातला हा संवाद बघा:

‘कुटं चाललीस गं?’
‘बाजारात. बांगडं आल्यात म्हनं.’
‘मलाबी आन दोन वाटं.’

वाचायला गोड आहे, पण ही बाई कराडची आहे. ती देवगडच्या जेटीवर कशी आली, कोण जाणे. ‘गावाकडचं बोलणं’ म्हटलं की आपल्या हातातून आपोआप घाटावरची बोली उतरते, कारण छापील ग्रामीण साहित्यात आणि सिनेमात आपण तीच जास्त ऐकलेली असते. ण चा न करणं ही तर सवयच झाली आहे. पण मालवणीत ण आणि ळ दोन्ही ठणठणीत आहेत. ‘पाणी’ हे ‘पाणी’च, ‘डोळो’ हा ‘डोळो’च. आजीच्या तोंडी ‘पानी’ आणि ‘म्हनून’ दिसलं, तेव्हाच तुमच्या काकांचं मन उडालं असणार. तोच संवाद असा होईल:

‘खंय चललंस गो?’
‘बाजारात. बांगडे इले म्हणतत.’
‘माका पण हाड दोन वाटे.’

यात न कळण्यासारखा शब्द एकच, ‘हाड’, आणि ‘माका पण’ व ‘दोन वाटे’ यांच्यामध्ये तोही कळतो. ‘गो’ कडे लक्ष द्या. बाईमाणसाला हाक मारतानाचा हा ‘गो’ आणि पुरुषाला ‘रे’ किंवा लाडाने-रागाने ‘रे मेल्या’ यांनी जेवढा देवगड उभा राहतो, तेवढा दहा मोडक्या स्पेलिंगांनी राहत नाही.

‘पानी’ लिहायचंच असेल तर उत्तरेकडे जा. रायगड, अलिबाग, उरण या बाजूला आगरी बोलीत ण चा न, ळ चा ल आणि ड चा र होतो. ‘डोळा’चा ‘डोला’, ‘घोडा’चा ‘घोरा’, ‘गाडी’ची ‘गारी’. हे खरे उच्चार आहेत, तिथे ते न लिहिणं चूक ठरेल. एका किनाऱ्यावर पालघरपासून बांद्यापर्यंत किती बोली पालटतात हे माहीत असूनही ‘कोकणी बोली’ या एकाच डब्यात सगळं कोंबणारे लेखक कमी नाहीत. (त्यात कोंकणी ही वेगळी भाषा, १९९२ पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे, तिचं स्वतःचं लेखन आहे. ‘कोकणी’ आणि ‘कोंकणी’ यांत टिंबाचाच फरक असला तरी गोंधळ मोठा होतो.) जुन्या लोकांनी निदान वेगवेगळे नमुने तरी घेतले. इंग्रजी अमदानीत झालेल्या ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ चा. त्यात बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट गावोगावच्या बोलींत उतरवून घेतलेली आहे. मालवणी तिथे ‘कुडाळी’ या नावाने भेटते. कुडाळकर म्हणून मला त्याचा थोडा अभिमान आहे, हे ओघात सांगून टाकतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, खंय की खय की खैं.

खरी अडचण टिंबाची आहे. देवनागरीत अनुस्वाराचं एक टिंब अनेक कामं करतं. ‘अंगण’ मध्ये ते ङ् असतं, ‘आंबा’ मध्ये म्, ‘संयम’ मध्ये नाकातल्या य सारखं काहीतरी. मालवणीला हवा असतो तो नुसता नाकातला स्वर, मागून कुठलंही व्यंजन न येणारा. हिंदीत त्यासाठी चंद्रबिंदू आहे. आपल्याकडे तो वापरून पाहिलेल्या संहिता मी वाचल्या आहेत. मराठी डोळ्याला तो हिंदी वाटतो आणि छापखान्यात अर्धे चंद्र गळून पडतात. तेव्हा टिंबावरच भागवायचं.

मग ते ठेवायचं कुठे? माझं मत असं: जिथे टिंब व्याकरणाचं काम करतं तिथे ते कधीही सोडू नये. ‘तां पोर गेलां’ मधली दोन्ही टिंबं काढलीत तर ‘ता पोर गेला’ उरतं. मालवणी माणूस ते बरोबर वाचेल, कारण त्याच्याकडे पुल्लिंगाला ‘गेलो’ आहे. नागपूरची मुलगी मात्र ‘पोर गेला’ असं पुल्लिंग वाचेल आणि वर मालवणी लोक लिंगात चुकतात असा समज करून घेईल. ‘खंय’ मधल्या टिंबाने व्याकरण बदलत नाही, पण ‘खय’ वाचताना अनोळखी वाचक नाकाकडे जातच नाही, म्हणून मी ‘खंय’ ठेवतो. ‘खैं’ उच्चाराला वाईट नाही, पण त्याच न्यायाने ‘हंय’ चं ‘हैं’ केलंत की हिंदीतलं क्रियापद डोळ्यासमोर येतं. त्यामुळे ‘खंय, हंय, थंय’ (कुठे, इथे, तिथे) हा गट एका साच्यात ठेवावा.

इथे थोडं विषयांतर. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. त्यांनी ‘केलें’, ‘तें’, ‘घरांत’, ‘नांव’ यांच्यावरची, उच्चार होत नाही म्हणून, अनेक टिंबं पुसली. लेखन सुटसुटीत झालं, तक्रार नाही. पण ‘केलें’च्या शेवटचं टिंब ज्या नाकातल्या स्वरासाठी होतं, तो दक्षिण कोकणात ‘केलां’ मध्ये आजही वाजतो. आणि त्याच नियमांत बोलण्यातल्या उच्चाराप्रमाणे लिहायची मुभाही आहे, पात्राच्या तोंडी ‘असे केले’ ऐवजी ‘असं केलं’ लिहायला तिथूनच आधार मिळतो. तेव्हा कुणी तुम्हाला ‘हे शुद्धलेखनाच्या नियमांत बसत नाही’ म्हणालं, तर संवादाला नियमांनी दार उघडं ठेवलं आहे हे त्यांना सांगा.

पुढचं काम कंटाळवाणं आहे पण ते केल्याशिवाय मी संहिता हातात घेत नाही. एका कागदावर शब्दांचे निर्णय लिहून काढा आणि ते शेवटपर्यंत पाळा. माझ्या कागदावर पहिला शब्द असतो ‘आसा’, म्हणजे ‘आहे’. बरेच जण ‘असा’ लिहितात. पण ‘आजी घरात असा’ यातला ‘असा’ बाहेरचा वाचक ‘अशा प्रकारचा’ म्हणून वाचतो आणि वाक्य लंगडं होतं. ‘आसा’ लिहिलं की मालवणीतला लांब आ सांभाळला जातो आणि गैरसमजही टळतो. त्याच कारणाने ‘ऐक’ न लिहिता ‘आयक’, कारण सुरुवातीचा आ खरोखर लांब आहे. ‘भाऊ’ न लिहिता ‘भाव’ लिहायचं का, यावर मात्र थांबतो. उच्चार ‘भाव’च आहे, पण बाजारातल्या संवादात ‘भाव’ म्हणजे दर. तिथे ‘माझो भाव’ असं मालकीचं रूप सोबत असेल तरच लिहावं. ‘भयण’ला असा धोका नाही, बिनधास्त लिहा. ‘वायच’ (थोडंसं) लिहायचं की ‘वाईच’? दक्षिणेला ‘वायच’. ‘वाईच’ दिसलं की मला चिपळूणच्या वरचं माणूस दिसतं. ‘व्हया’ की ‘होया’ (हवं), ‘मगे’ की ‘मग’, ‘कित्या’ की ‘कित्याक’ (कशाला) यांत आजी जे म्हणत असेल ते घ्या, पण एकदाच ठरवा. पहिल्या पानावर ‘खंय’, चौथ्यावर ‘खय’, नवव्यावर ‘खैं’ असं झालं की वाचकाला ते तीन वेगळे शब्द वाटतात. संपादकबाईंचा ‘अडखळतो’ हा शेरा बहुतेक याच गोंधळावर असावा.

च, ज, झ ची चिंता करू नका. ‘चार’ मधला च आणि ‘चारा’ मधला च वेगळे, ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा यांतले ज वेगळे, तरी आपण एकाच अक्षरावर भागवतो आणि कुणाचं अडत नाही. फारच गरज पडली तर य जोडायची जुनी युक्ती आहेच. चहाला ‘च्या’ लिहिलं की च तालव्य, म्हणजे ‘चार’मधला, आहे हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

एक भेद मात्र आपल्या लिपीत आयता आहे आणि समुद्राकाठच्या लेखकाने तो चुकवू नये. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या. पहिल्यात आघात पडून र जोडून येतो, दुसऱ्यात हलका. ‘दऱ्याक उधाण इलां’ असं छापलेलं वाचलं की सह्याद्रीत पूर आल्यासारखं वाटतं. उलट ‘वाऱ्यार’ (वाऱ्यावर) मध्ये हा हलका ऱ्य हवाच. टाइप करताना नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ, मग हलन्त, मग य. साधा र घेतलात तर रफार होऊन डोक्यावर बसतो.

इंग्रजीवरून आलेल्या शब्दांत हात सर्वांत जास्त आखडता घ्या. ‘डाक्टर’, ‘कालेज’, ‘येस्टी’, ‘ब्यांक’ हे लिहायचा मोह होतो, कारण लगेच हशा मिळतो. पण डॉक्टर हा शब्द इंग्रजांसारखा उच्चारणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. सगळ्यांनीच तो आपापल्या तोंडाप्रमाणे वाकवला आहे. आजीलाच ‘डाक्टर’ आणि नातवाला ‘डॉक्टर’ देण्यामागे गोष्टीत काही कारण असेल, दोघांमधलं अंतर दाखवायचं असेल, तर द्या. नुसत्या विनोदासाठी नको.

परक्याच्या कानाने लिहिलं की काय होतं, याचा नमुना हर्णैसमोरच उभा आहे. सुवर्णदुर्ग हा समुद्रातला किल्ला इंग्रजांच्या कमोडोर विल्यम जेम्सने १७५५ मध्ये घेतला. इंग्रजांनी त्याचं नाव आपल्या स्पेलिंगमध्ये बसवलं ते ‘सेव्हर्नड्रूग’. सेव्हर्न ही त्यांच्या देशातली नदी. ओळखीचा शब्द सापडला, तो चिकटवला. जेम्सच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ मनोरा बांधला, त्याचं नावही सेव्हर्नड्रूग कॅसलच. तिथल्या माणसाला त्या नावात सुवर्ण आहे असं सांगितलं तर पटणार नाही. कराडच्या बाईचे बांगडे हा त्याच जातीचा प्रकार: न ऐकलेल्या आवाजाच्या जागी ऐकलेला आवाज.

राहिली ऑडिओची गोष्ट. हे काम वेगळं आहे आणि त्यासाठी गोष्टीचा मजकूर बिघडवू नका. वाचणाऱ्या मुलीला वेगळी प्रत द्या आणि त्या प्रतीत जे हवं ते करा. तिथे च, ज खाली नुक्ता देऊन दंत्य (‘चारा’मधल्या च सारखा) उच्चार दाखवा. न बोलला जाणारा अ हलन्ताने मारा: ‘करतंस’ वर ‘कर्‌तंस’, ‘कणकवली’ वर ‘कण्‌कव्‌ली’. लांबवायचा स्वर अवग्रहाने लांबवा. वाडीच्या या टोकावरून त्या टोकाला मारलेली हाक ‘गो आयेऽऽ’ अशी असते, आणि शेवटचा ए वर चढतो की खाली पडतो हे बाणाने दाखवा. नाकातल्या स्वराखाली रंगीत रेघ मारली तर टिंबापेक्षा चटकन दिसते, कारण टिंब पाहिलं की तिच्या तोंडातून सवयीने न् किंवा म् निघणार, ‘खंय’चं ‘खन्य’ होणार. पहिल्या तालमीत हे हमखास होतं. तिला सांगा, ‘ख’ म्हणताना नाक उघडं ठेव आणि जीभ टाळूला लागू देऊ नकोस.

एवढं करूनही हेल कागदावर उतरत नाही. मालवणीचा हेल, प्रश्नाच्या शेवटी येणारी ती लाट, कुठल्याही लिपीत बसत नाही. त्यासाठी काकांकडून उतारे वाचून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा आणि मुलीला पाठवा. काकांना ‘सावकाश, स्पष्ट वाचा’ असं अजिबात सांगू नका. सांगितलंत की ते आकाशवाणीच्या बातम्या देऊ लागतील. दुपारी जेवणानंतर पडवीत बसलेले असताना, कुणाशी तरी गजाली चालू असताना रेकॉर्ड केलेलं सर्वांत उपयोगी पडतं.

कंसात अर्थ देऊ का, असंही तुम्ही विचारलंय. संवादात नको. ‘माझो झिल (मुलगा) मुंबैक आसता’ असं लिहिलंत की आजी बोलता बोलता स्वतःचंच भाषांतर करतेय असं वाटतं. अर्थ समोरच्याच्या तोंडी टाका. आजी म्हणते, ‘माझो झिल मुंबैक आसता’, आणि पाहुणा विचारतो, ‘मुलगा काय करतो मुंबईत?’ झालं. दशावतारात, आमच्याकडच्या लोकनाट्यात, हे नेहमीचं आहे. राजा-देवांची मराठी भारदस्त, पुस्तकी, आणि संकासुर हा विनोदी राक्षस समोर मालवणीत बोलतो. एकाने विचारायचं, दुसऱ्याने आपल्या भाषेत उलटवायचं. लिखित संहिता नसताना दोन्ही भाषांचे लोक रात्रभर बसून ऐकतात, कुणाला कंस लागत नाही. सुरुवातीच्या दोन पानांत असे चार-पाच शब्द या पद्धतीने ओळखीचे करून दिलेत की पुढे आजीला मोकळं सोडता येतं.

संपादकबाईंना पुढचा खर्डा पाठवताना तो निर्णयांचा कागदही जोडा, आणि वर लिहा की या यादीतलं काही मुद्रितशोधनात बदलू नये. नाहीतर त्यांचा मुद्रितशोधक ‘आसा’चं ‘असा’ करतो, ‘खंय’चं ‘कुठे’ करतो, आणि छापून आल्यावर काका तुम्हालाच विचारतात, ‘ह्यां कोणी लिवलां?’